बक्षीसपात्र चुका

१९७१ साली अमेरिकेत बोस्टन शहरी विज्ञानकथाप्रेमींचे जागतिक संमेलन भरले होते. संमेलनाच्या हॉटेलातील लांबलचक बोळांतून एमआयटी या प्रसिद्ध तंत्रविद्या संस्थेचे विद्यार्थी घोषणा देत फिरत होते. घोषणा कुणा मंत्र्याविरुद्ध नव्हती की फीवाढीविरुद्ध नव्हती. ‘रिंगवर्ल्ड अस्थिर आहे! रिंगवर्ल्ड अस्थिर आहे!’ असे ती मुले ओरडत होती. ‘रिंगवर्ल्ड’ ही लॅरी निव्हन यांची कादंबरी. ती आदल्या वर्षी प्रसिद्ध झाली होती आणि या संमेलनात तिला सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. म्हणजे बक्षीस आणि ‘गणित चुकले’ हा शेरा, दोन्ही एकाच ठिकाणी पदरात पडले.

मुलांना विज्ञानकथा वाचायला द्याव्यात का, या प्रश्नामागे शिक्षकांच्या मनात बहुधा एक धास्ती असते. गोष्टीतले चुकीचे विज्ञान मुलांच्या डोक्यात पक्के बसले तर? धास्ती अगदीच खोटी नाही. पण ह्यूगो पुरस्काराचा इतिहास पाहिला तर वेगळेच चित्र दिसते. या पुरस्काराच्या मानकऱ्यांत काही कादंबऱ्या अशा आहेत, की त्यांच्यातल्या चुकांनी वाचकांकडून जेवढे विज्ञान करून घेतले तेवढे एखाद्या निर्दोष धड्यानेही करून घेतले नसते.

आधी पुरस्काराविषयी थोडेसे. ह्यूगो गर्न्सबॅक हे लक्झेंबर्गमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले गृहस्थ. विजेच्या घटमाळा, रेडिओचे सुटे भाग यांचा व्यापार आणि त्याच विषयांवरची मासिके हा त्यांचा उद्योग. १९२६ साली त्यांनी ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक काढले. गोष्ट वाचता वाचता वाचकाला विज्ञान कळावे, ही त्यांची मूळ इच्छा. वाचकांची पत्रे ते पत्त्यांसह छापत. त्यामुळे वाचक एकमेकांना पत्रे लिहू लागले, गावोगाव मंडळे निघाली आणि त्यातूनच १९३९ साली न्यूयॉर्कला पहिले जागतिक संमेलन भरले. १९५३ च्या फिलाडेल्फिया संमेलनात पहिले पुरस्कार दिले गेले, त्यांना गर्न्सबॅक यांचे नाव चिकटले. मानचिन्ह म्हणजे उभे चकचकीत रॉकेट. १९५४ चा अपवाद सोडला तर तेव्हापासून दरवर्षी हे पुरस्कार दिले जातात.

हा पुरस्कार पंडितांची समिती देत नाही. संमेलनाचे जे सभासद होतात, म्हणजे वर्गणी भरणारे वाचक, तेच आधी नावे सुचवतात आणि मग मते देतात. मत म्हणजे नुसती फुली नव्हे. अंतिम यादीतल्या कादंबऱ्यांना पहिली पसंती, दुसरी पसंती असे क्रम द्यायचे असतात. यादीत ‘कोणालाच पुरस्कार नको’ असाही एक पर्याय असतो, आणि तोही कधी कधी जिंकतो. थोडक्यात, परीक्षक हेच वाचक आणि वाचक हेच परीक्षक. एमआयटीच्या मुलांचा आवाज त्या बोळांत एवढा घुमला, त्याचे कारण हे.

आता त्यांची तक्रार काय होती ते पाहू. निव्हन यांची कल्पना अशी. सूर्यासारख्या एका ताऱ्याभोवती, साधारण पृथ्वी-सूर्य अंतरावर, म्हणजे १५ कोटी किलोमीटर त्रिज्येचे एक अखंड कडे कुणीतरी बांधले आहे. कड्याची रुंदी सुमारे १६ लाख किलोमीटर. लोक राहतात ते कड्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे तारा कायम डोक्यावर. दोन्ही काठांना उंच भिंती, त्यामुळे हवा सांडत नाही. क्षेत्रफळ काढा. परीघ गुणिले रुंदी केली की सुमारे १५ लाख अब्ज चौरस किलोमीटर येतात. पृथ्वीचा पृष्ठभाग ५१ कोटी चौरस किलोमीटर. म्हणजे या कड्यावर जवळजवळ ३० लाख पृथ्व्या पसरता येतील!

जमिनीवर पाय टेकायचे तर वजन हवे. त्यासाठी कडे स्वतःभोवती फिरवायचे. दोरीला बांधलेली पाण्याची बादली गरगर फिरवली की पाणी सांडत नाही, तोच हा प्रकार. पृथ्वीइतके वजन जाणवण्यासाठी वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या हे ९.८ मीटर प्रतिसेकंदवर्ग व्हायला हवे. त्रिज्या घालून पाहिले तर वेग येतो सेकंदाला सुमारे १,२०० किलोमीटर. पृथ्वी आपल्या कक्षेत सेकंदाला ३० किलोमीटरने जाते, हे ध्यानात घ्या. कड्याची एक फेरी नऊ दिवसांत पुरी होते. एवढ्या वेगाने फिरणारे कडे स्वतःच्याच ताणाने तुटू नये यासाठी ते कशाचे करावे लागेल? हा ताण म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग. पोलादाची घनता घेऊन हिशेब केला तर उत्तम पोलाद सोसू शकेल त्याच्या ५० लाख ते एक कोटी पट ताण येतो. निव्हन यांनी त्यासाठी ‘स्क्रिथ’ नावाचा काल्पनिक पदार्थ योजला आणि त्याची बळकटी अणुकेंद्रातल्या बलाच्या तोडीची असल्याचे सांगून टाकले. एवढी सवलत कादंबरीकाराला द्यायला हरकत नाही. (हे सूत्र लहान प्रमाणावर तपासायचे असेल तर १९७४ ची विजेती, आर्थर क्लार्क यांची ‘रांदेव्हू विथ रामा’ घ्या. तिथले पोकळ नळकांडे चार मिनिटांत एक फेरी घेते, आतला पृष्ठभाग आसापासून आठ किलोमीटर. वजन पृथ्वीवरच्या निम्म्याहून थोडे अधिक येते. करून पाहावे.)

पण विद्यार्थ्यांचा आक्षेप ताणाला नव्हता. त्यांचे म्हणणे असे की तारा कड्याच्या बरोबर मध्यभागी आहे तोवर ठीक, पण तो जरा सरकला की खेळ संपला. का, ते समजायला मोठे गणित लागत नाही. समजा, तारा मध्यापासून एका बाजूला सरकला आहे. ताऱ्यापासून दोन विरुद्ध दिशांना सारख्याच अरुंद कोनाच्या दोन फाका काढा. जवळच्या बाजूची फाक कड्याचा एक तुकडा कापेल, लांबच्या बाजूची दुसरा. लांबचा तुकडा दुप्पट अंतरावर आहे असे धरा. तिथे फाक रुंदावलेली असल्याने तुकडा दुप्पट लांबीचा, म्हणजे वस्तुमानही दुप्पट. पण गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून दर किलोग्रॅममागे ओढ एक चतुर्थांश. दुप्पट गुणिले एक चतुर्थांश म्हणजे निम्मे. जवळचा तुकडा जिंकला. अशा सर्व फाकांमध्ये जवळचीच बाजू जिंकते, आणि तारा व कडे त्याच बाजूने एकमेकांकडे आणखी ओढले जातात. जितके जवळ येतात तितकी ओढ वाढते.

कड्याऐवजी संपूर्ण पोकळ गोल असता तर? मग फाकेने कापलेल्या तुकड्याचे क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाने वाढले असते, चौपट गुणिले एक चतुर्थांश बरोबर एक, आणि दोन्ही ओढी एकमेकींना रद्द करत्या. पोकळ गोलाच्या आत गुरुत्वाकर्षण शून्य असते हा न्यूटनचा सिद्धान्त आपण फळ्यावर लिहितो. तो कड्याला का लागू पडत नाही, हे मुलांना विचारले तर सिद्धान्त खरा समजला की नाही ते लगेच कळते.

यावर एक हुशार मुलगा हमखास विचारील की पृथ्वीसुद्धा जराशी हलली तर सूर्यात का पडत नाही? पृथ्वी सुटी आहे. सूर्याजवळ आली की तिचा वेग वाढतो आणि ती पुन्हा दूर जाते, कक्षा फक्त थोडी बदलते. कड्याचे तुकडे मात्र एकमेकांना जखडलेले आहेत. जवळ आलेल्या तुकड्याने वेग वाढवायचे ठरवले तरी बाकीचे कडे त्याला वाढवू देत नाही. कडे फिरत आहे ते आपल्या मध्याभोवती, आणि त्या फिरण्याने ताऱ्यापासून सरकणे थांबत नाही. सूर्याएवढा तारा धरून मी आकडेमोड केली, तर हे सरकणे सुमारे दर दोन महिन्यांनी दुप्पट होते. सुरुवातीला कडे केवळ एक किलोमीटर सरकलेले असेल तर चार-साडेचार वर्षांत त्याचा काठ ताऱ्याला जाऊन भिडेल.

हे गणित खरे तर त्या वेळी शंभराहून अधिक वर्षे जुने होते, आणि गंमत म्हणजे तेही एका बक्षिसासाठी केलेले होते. केंब्रिज विद्यापीठाच्या अ‍ॅडम्स पारितोषिकासाठी १८५५ साली विषय दिला गेला होता, शनीची कडी. ती घन आहेत, द्रव आहेत की सुट्या कणांची? जेम्स क्लार्क मॅक्सवेल या तरुण प्राध्यापकाने निबंध पाठवला आणि पारितोषिक मिळवले. एकसारखे घन कडे टिकणार नाही हे लाप्लासने आधीच दाखवले होते. मॅक्सवेलने द्रव कड्याचाही निकाल लावला आणि कडी असंख्य सुट्या कणांचीच असली पाहिजेत असे सिद्ध केले. १८९५ साली जेम्स कीलर यांनी कड्यांच्या प्रकाशाचा वर्णपट घेतला, तेव्हा आतला भाग बाहेरच्या भागापेक्षा वेगाने फिरतो असे दिसले. घन कड्यात हे शक्यच नाही. मॅक्सवेलचे म्हणणे आकाशातून खरे ठरले.

निव्हन रागावले नाहीत. ‘रिंगवर्ल्ड’चा दुसरा भाग लिहिण्याचा त्यांचा विचार नव्हता, पण वाचकांची पत्रे येतच राहिली. १९८० साली ‘द रिंगवर्ल्ड इंजिनिअर्स’ आली आणि तिचे कथानकच त्या चुकीवर उभे राहिले. कड्याच्या काठांवर ते मध्यावर राखणारी इंजिने मूळच्या कारागिरांनी बसवलेली होती. पुढच्या पिढ्यांनी ती काढून आपल्या अवकाशयानांना लावली आणि आता कडे ताऱ्याकडे सरकू लागले आहे! फ्लोरिडातल्या एका शाळेच्या वर्गाने आणखी एक हिशेब पाठवला होता. कड्यावर पाऊस आहे, नद्या आहेत, समुद्र आहेत, पण पृथ्वीसारखी भूगर्भातली उलथापालथ नाही. मग धुपून गेलेली माती वर कशी येणार? काही हजार वर्षांत सगळी सुपीक माती समुद्राच्या तळाशी जाऊन बसेल. निव्हन यांनी हेही मान्य केले. दुसऱ्या भागात समुद्रतळाचा गाळ नळांनी उपसून काठावरच्या भिंतीवरून आत टाकण्याची सोय आहे, आणि त्या गाळाचे भिंतीला टेकून डोंगर झाले आहेत. शाळेतल्या मुलांनी एका पुरस्कारप्राप्त लेखकाच्या जगात डोंगर उभे केले, असे म्हणायला हरकत नाही.

पहिल्या आवृत्तीत आणखी एक चूक होती, अगदी सहावी-सातवीच्या भूगोलातली. नायक आपल्या वाढदिवसाची रात्र लांबवण्यासाठी क्षणात एका शहरातून दुसऱ्या शहरी जाणाऱ्या यंत्राने मध्यरात्रीच्या पुढे पुढे पळतो, आणि तो जातो पूर्वेकडे. कोणत्या दिशेला जायला हवे होते, ते मी सांगत नाही. पुढच्या मुद्रणात दुरुस्ती झाली. ती चुकीची पहिली प्रत आज संग्राहक शोधत असतात.

चूक सुधारण्याचा दुसराच एक मार्ग आयझॅक असिमोव्ह यांनी दाखवला. १९७१ मध्येच एका मेळाव्यात रॉबर्ट सिल्व्हरबर्ग हे कथाकार बोलता बोलता उदाहरणादाखल ‘प्लुटोनियम-१८६’ असे म्हणून गेले. असिमोव्ह रसायनशास्त्राचे डॉक्टर. असे समस्थानिक असूच शकत नाही, हे त्यांनी नंतर सिल्व्हरबर्गना सांगितले. प्लुटोनियमच्या केंद्रात ९४ प्रोटॉन. नेहमीच्या प्लुटोनियम-२३९ मध्ये त्यांच्या जोडीला १४५ न्यूट्रॉन असतात. प्रोटॉन एकमेकांना विद्युत्बलाने दूर लोटतात. न्यूट्रॉन लोटत नाहीत, पण केंद्रकीय बलाने बांधून ठेवायला मदत करतात. १८६ म्हणजे न्यूट्रॉन उरले फक्त ९२. असे केंद्र क्षणभरही टिकायचे नाही. कुठे टिकेल? जिथे केंद्रकीय बल आपल्यापेक्षा प्रबळ असेल अशा विश्वात. या एका ‘कुठे’वर असिमोव्ह यांनी ‘द गॉड्स देमसेल्व्हज’ ही कादंबरी रचली. एका रसायनशास्त्रज्ञाच्या टेबलावरच्या बाटलीतले टंगस्टन बदलून गेलेले असते. टंगस्टन-१८६ मध्ये ७४ प्रोटॉन, प्लुटोनियममध्ये ९४. दुसऱ्या विश्वातून आलेले हे प्लुटोनियम आपल्याकडे एकामागून एक २० पॉझिट्रॉन टाकत पुन्हा टंगस्टन होते आणि ऊर्जा फुकट मिळते. फुकट कसली? दोन्ही विश्वांचे नियम हळूहळू एकमेकांत झिरपतात, आपल्याकडचे केंद्रकीय बल वाढू लागते आणि सूर्यातली केंद्रमीलनाची क्रिया भडकण्याचा धोका उभा राहतो. धोका दाखवणाऱ्याचे कुणी ऐकत नाही, कारण ऊर्जा सोयीची आहे. कादंबरीतला हा भाग मला भौतिकशास्त्रापेक्षाही अधिक खरा वाटतो.

तिला १९७३ चा ह्यूगो मिळाला. काहींच्या मते तो पुस्तकापेक्षा नावाला मिळाला, कारण असिमोव्ह बऱ्याच वर्षांनी विज्ञान कादंबरीकडे वळले होते आणि मतदारांना आनंद झाला होता. वाचकांच्या मतदानात हा दोष राहणारच. आपल्याकडे याच्या उलट उदाहरण आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या कुणी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि पहिला क्रमांक मिळवला. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावाचा दाब परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून नाव घेतले, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. ह्यूगोच्या पद्धतीत असे करायला वाव नाही.

तसा या पुरस्काराचा लौकिक सरळ रेषेत गेलेला नाही. ‘ड्यून’ला १९६६ मध्ये तो रॉजर झेलाझ्नी यांच्या कादंबरीबरोबर विभागून मिळाला. १९७० पर्यंत कादंबरीसाठी एकाही स्त्रीला मिळाला नव्हता. त्या वर्षी अर्सुला ल ग्विन यांनी ही कोंडी फोडली. एन. के. जेमिसिन यांनी २०१६, २०१७ आणि २०१८ असा सलग तीनदा तो घेतला, तोही भूकंपांनी हादरणाऱ्या एका जगाच्या कथात्रयीसाठी. २००१ मध्ये चक्क हॅरी पॉटरचा चौथा भाग जिंकला, कारण अद्भुतकथाही नियमांत बसतात. २०१५ मध्ये काही गटांनी ठरवून एकगठ्ठा नावे सुचवली, तेव्हा मतदारांनी पाच विभागांत ‘कोणालाच नको’ असा कौल दिला. २०२३ मध्ये चीनमधील चेंगदू येथे आर. एफ. क्वांग यांची ‘बेबेल’ पुरेशा सूचना मिळूनही कारण न देता अपात्र ठरवली गेली, आणि ते उघड झाल्यावर मोठे वादळ उठले.

शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावे असे एक नाव विजेत्यांच्या यादीत नाही. हॅल क्लेमंट हे टोपणनावाने लिहिणारे शाळेतले विज्ञानशिक्षक होते. १९५३ साली ‘मिशन ऑफ ग्रॅव्हिटी’ या आपल्या कादंबरीसोबत त्यांनी एक लेख लिहिला आणि विज्ञानकथा हा लेखक-वाचकांतला खेळ असल्याचे सांगितले. लेखकाने शक्य तितके चूक टाळायचे, वाचकाने शक्य तितक्या चुका पकडायच्या. त्यांचा चपटा, भन्नाट वेगाने फिरणारा ग्रह एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी तपासला आणि त्याच्या विषुववृत्तावर धार येईल असे दाखवून दिले. १९७१ च्या अंतिम यादीत क्लेमंट यांची ‘स्टार लाइट’ होती. ती ‘रिंगवर्ल्ड’पुढे हरली.

२०१५ च्या त्या गोंधळातच कादंबरीचा पुरस्कार चिनी लेखक ल्यू त्सशिन यांच्या ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ला मिळाला. भाषांतरित कादंबरीला ह्यूगो मिळण्याची ही पहिलीच वेळ. केन ल्यू यांच्या इंग्रजी भाषांतराची सुरुवात १९६७ च्या सांस्कृतिक क्रांतीत होते. सापेक्षतावाद शिकवल्याबद्दल भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकाला भर सभेत मारले जाते. पुढे कळते की आपल्या शेजारच्या मित्र या तिहेरी ताऱ्याभोवती एक ग्रह आहे. तीन सूर्यांच्या अनियमित फिरण्यामुळे तिथली संस्कृती पुन्हा पुन्हा नष्ट होते. प्रत्यक्षातली स्थिती वेगळी आहे. त्या तिघांपैकी दोन तारे सुमारे ८० वर्षांत एकमेकांभोवती फिरतात, तर तिसरा, प्रॉक्सिमा, इतका दूर आहे की त्याला एका फेरीला साडेपाच लाख वर्षे लागतात. त्याच्या दृष्टीने ते दोघे जवळजवळ एकच. म्हणून ही तिकडी शांतपणे टिकून आहे. तिघे सारख्याच अंतरांवर असते तर कादंबरीतला गोंधळ खरा झाला असता.

तीन वस्तूंच्या गतीचा हा प्रश्नही बक्षिसामुळेच गाजला. स्वीडनचा राजा दुसरा ऑस्कर याच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त ठेवलेली गणिताची स्पर्धा १८८९ मध्ये आंरी प्वांकारे यांनी याच विषयावरच्या निबंधाने जिंकली. निबंध ‘अ‍ॅक्टा मॅथेमॅटिका’त छापला जात असताना फ्राग्मेन या तरुण संपादकाने काही जागा स्पष्ट होत नसल्याचे कळवले. त्यांची उत्तरे शोधताना प्वांकारे यांना दुसऱ्याच ठिकाणी आपली गंभीर चूक सापडली. ती दुरुस्त करताना त्यांना जे दिसले, अगदी थोड्या फरकाने सुरू झालेल्या गती पुढे पार वेगळ्या होतात, त्यालाच आपण आज अनागोंदी गतीचा अभ्यास म्हणतो. छापलेले अंक परत मागवले गेले. नव्या छपाईचा खर्च प्वांकारे यांनी भरला, आणि तो बक्षिसाच्या २,५०० क्राउनपेक्षा हजारावर अधिक झाला. चुकीच्या छपाईची एक प्रत स्टॉकहोमजवळच्या मिटाग-लेफ्लर संस्थेत शिल्लक आहे. संपूर्ण आवृत्ती नष्ट केली, असे तिच्यावर संपादकाच्या हातचे लिहिलेले आहे.